पट एकेचाळीस, मुली नऊ

वर्गात शिरलं की समोर फळा आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूनं आखलेली एक चौकट. पट, हजर, मुले, मुली. एवढे चार शब्द एकाखाली एक आणि त्यांच्यापुढं चार आकडे. प्रार्थना झाली, हजेरी झाली की ती चौकट भरायचं काम नववी-दहावीत माझ्याकडं होतं. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. दुसरं काही फार चांगलं नव्हतं, हे मी तेव्हाही जाणून होते. गणितात तर मी हमखास चुकायची. पण त्या चौकटीतले आकडे मात्र मी कधी चुकवले नाहीत. एकदाच चुकवले, आणि ते मुद्दाम. त्याचीच गोष्ट लिहायला बसले आहे.

आता मी राहते ते गुंतकलला, आंध्रात. ह्यांची रेल्वेतली नोकरी जिथं नेईल तिथं गेले आणि शेवटी इथं थांबले. ह्यांना जाऊनही आता तीन वर्षं झाली. शेजारच्या अम्मा मला सुमनम्मा म्हणतात, भाजीवाल्याशी मी तेलुगूत घासाघीस करते, स्वप्नंसुद्धा कधीकधी तेलुगूत पडतात. मोजायचं मात्र मी मराठीतच मोजते. कुकरच्या शिट्ट्या, बीपीच्या गोळ्या, दवाखान्याच्या पायऱ्या. मुलगी स्नेहा हसते. म्हणते, "आई, तू हिशोबाला अजून परभणी जिल्ह्यातच आहेस."

आमचं गाव राणीसावरगावच्या पलीकडं, दोन कोसांवर. शाळा आणखी एका गावाला, जिल्हा परिषदेची, आठवी ते दहावी. त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि मी कुणावर राग धरून हे लिहीत नाही. घरात आम्ही पाच जण. माय, दादा म्हणजे माझे वडील, मी आणि पाठचे दोघं भाऊ. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. तो आवाज मला कुठंच पुन्हा मिळाला नाही. इथं ज्वारी मिळते, परात आहे, पण ओट्यावर उभं राहून थापलेली भाकर तसा आवाज देत नाही. त्याला खाली मातीची जमीन लागते. जाताना फडक्यात दोन भाकरी, जवसाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. रात्रीला येसराची आमटी. येसराचं पीठ माय उन्हाळ्यातच भाजून दळून ठेवायची, आणि आमटीला उकळी फुटली की तो भाजका वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. शाळेतून येताना त्या वासावरून मला कळायचं की दादा कामावरून आलेत, कारण ते आल्याशिवाय माय आमटी टाकत नसे.

दादांची शाळा चौथीपर्यंत झालेली. पण जेवायला बसलं की पहिला घास मोडायच्या आत ते विचारायचे, "आज किती आली गं पोरं?" दुसऱ्यांच्या घरात बाप लोक बाजारभाव विचारत असतील, आमच्या घरात हजेरी विचारली जायची. मी सांगायची, "पट एकेचाळीस, हजर छत्तीस. मुली नऊ, हजर आठ."

"न आलेली कोण?"

"वडारवस्तीवरची शांता. तिची माय खडी फोडायला गेली, घरी ल्हान लेकरू हाय."

"उद्या येईल का?"

"न्हाई वाटत."

मायला हे सगळं उगीचचं वाटायचं. "आपली पोरगी गेली का, तेवढं इचारावं माणसानं. गावाच्या पोराचं काय करायचं तुमाला?" दादा म्हणायचे, "आपली जाणारच हाय. जी न्हाई गेली तिचं इचारायचं असतंय."

आठवीत आम्ही सतरा मुली होतो. नववीत बारा राहिलो, दहावीत नऊ. कुणाचं लग्न झालं, कुणी कापसाच्या वेचणीला गेली ती परत आलीच नाही, एकीच्या गावाहून शाळेची वाट ओढ्यातून होती आणि सोबतीची पोरगी सुटली म्हणून तिचीही शाळा सुटली. प्रत्येक वेळी मी बोट ओलं करून आधीचा आकडा पुसायची आणि एक कमी करून लिहायची.

वर्षातून एकदा हेडसर मला ऑफिसात बोलवायचे. तिथं भिंतीवर मोठा काळा फळा होता आणि त्यावर शाळेचं कोष्टक लिहायचं असायचं. आडव्या ओळीत इयत्ता, उभ्या रकान्यांत अनुसूचित जाती व नवबौद्ध, अनुसूचित जमाती, भटक्या विमुक्त, इतर मागास, अल्पसंख्य, बाकीचे. प्रत्येकात मुले वेगळी, मुली वेगळ्या. ते कोष्टक म्हणजे साहेब लोकांसाठी नुसते आकडे. मला त्यात तोंडं दिसायची. दहावी, नवबौद्ध, मुली तीन : म्हणजे मी, माझी मैत्रीण प्रभा आणि प्रभाची चुलत बहीण. भटक्या विमुक्त, मुली एक : म्हणजे शांता, तिच्या हाताला सदा चुन्याचा वास. अल्पसंख्य, मुली शून्य. त्या शून्यापाशी आमचे वर्गशिक्षक मोमीन सर जरा जास्त वेळ उभे राहायचे. ते गणित शिकवायचे, रोज एसटीनं गंगाखेडहून यायचे. एकदा म्हणाले, "सुमन, हा शून्य जरा ल्हान काढ. लय डोळ्यात येतोय."

त्याच फळ्याखाली दुसरं कोष्टक होतं, दहावीच्या निकालाचं. वर्ष आणि शेकडा किती पास. ते हेडसर स्वतः लिहायचे. माणूस वाईट नव्हता. पावसाळ्यात गळक्या वर्गाखाली स्वतः बादल्या ठेवायचे, उन्हात आलेल्या पोरांना आपल्या माठातलं पाणी द्यायचे. पण त्यांना एक धास्ती बसली होती. तालुक्याला खाजगी संस्थेची शाळा निघाली होती आणि ज्यांना झेपेल ते लोक पोरं तिकडं घालायला लागले होते. "निकाल घसरला की पोरं जातात, पोरं गेली की शाळा जाते," असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी एक रीत काढली होती. दहावीला जे पोर नापास होईल असं वाटे त्याला ते दाखला देऊन टाकायचे आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगायचे. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचं, घरी अभ्यास करून. तसं बसलेलं पोर नापास झालं तर ते शाळेच्या निकालात येत नाही. बहुतेक पोरं तो फॉर्म भरतच नसत. दाखला घेऊन घरी गेलं की बैलं तरी असायची नाही तर ऊसतोडीचा कोयता.

त्या वर्षी आमच्या वर्गातले दोघं असेच गेले आणि पट त्रेचाळीसवरून एकेचाळीसवर आला. तोही मीच पुसून लिहिला. मग पहिल्या चाचणीचे पेपर मिळाले. गणितात मला पंचवीसपैकी सहा. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि शिपाई मला बोलवायला आला. मोमीन सर त्या दिवशी रजेवर होते.

हेडसर खुर्चीतून उठून उभे राहिले, ते मला अजून आठवतं. बसून सांगायचं धाडस त्यांना झालं नसावं.

"सुमन, तुझं अक्षर मोत्यासारखं हाय. पण बोर्ड अक्षराला मार्क देत न्हाई गं."

मी खाली बघत होते.

"सतरा नंबर भर. पेपर तेच, परीक्षा तीच. फक्त आपल्या शाळेच्या नावावर नको. सोमवारी वडलाला घेऊन ये आन् दाखला घेऊन जा."

मी म्हटलं, "व्हय सर." एवढंच. आज वाटतं, काहीतरी बोलायला हवं होतं. पण मोठ्या माणसानं सांगितलं की आमच्या तोंडून एकच शब्द यायचा, आणि तो म्हणजे व्हय. त्या शब्दानं माझ्या कितीतरी गोष्टी झाल्या आणि कितीतरी राहिल्या.

रात्री दादांनी विचारलं, "आज किती आली गं?" मी सांगितलं, पट एकेचाळीस, हजर अडतीस. माझा आवाज नेहमीसारखाच लागला असावा, कारण त्यांना काही कळलं नाही. मायला कळलं. तिनं माझ्या ताटलीकडं बघितलं आणि म्हणाली, "काय गं, येसर खारट झाली का?" मी न्हाई म्हटलं आणि भाकर कुस्करत बसले. रविवारीही सांगणं झालं नाही. सोमवारी सकाळी दादा शेतावर निघून गेले आणि मी भाकरी बांधून प्रभाबरोबर शाळेला निघाले. वडलांना आणा म्हणाले होते, ते मी केलं नाही. पण दुसरी गोष्ट केली.

प्रार्थना झाली. मोमीन सरांची गाडी उशिरा आली होती, म्हणून हजेरी व्हायच्या आधीच मी चौकट भरायला घेतली. त्या दिवशी झाडून सगळे आले होते, कारण साहेब तपासणीला येणार असा गावभर बोभाटा झाला होता. मी बोट ओलं केलं. एकेचाळीस पुसून चाळीस लिहिलं. नऊ पुसून आठ. ज्याला दाखला न्यायला सांगितला त्याला कमी करायचं, ही रीत मला ठाऊक होती. दोन पोरांच्या वेळी मी तेच केलं होतं. आपल्यासाठी रीत वेगळी असते असं मला वाटलंच नाही. मग मी जाऊन माझ्या जागेवर बसले, प्रभाच्या शेजारी, कारण दादा आले नव्हते आणि दाखला मिळेपर्यंत कुठं बसावं हे मला कळत नव्हतं.

मोमीन सर आले, हजेरी घ्यायला लागले, आणि अर्ध्यातच साहेब दारात. जाडे, घामेजलेले, हातात रुमाल. हेडसर त्यांच्या मागं. साहेबांनी सरांना खूण केली, चालू द्या. माझं नाव आलं तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून "हजर" निघून गेलं. हजेरी संपली. साहेबांनी हजेरीपट बघितला, मग फळा बघितला, मग बाकांवरून बोट फिरवत पोरं मोजली.

"मास्तर, हजेरीत एकेचाळीस. बाकावर एकेचाळीस. फळ्यावर चाळीस. एक पोरगं फळ्यानं खाल्लं का काय?"

पोरं खदाखदा हसली. मोमीन सरांनी मागं वळून फळा बघितला. "कोण लिहिलं हे? सुमन?"

मी उभी राहिले.

"कोण कमी झालं गं?"

"मी."

पुन्हा हशा. मागच्या बाकावरचा गोपीनाथ म्हणाला, "सर, ती भूत हाय." साहेबही हसले. "अगं, तू तर हितं उभी हायस की."

"हेडसरांनी दाखला न्यायला सांगितलाय," मी म्हटलं. "शनिवारी. गणितात सहा पडले म्हणून. दादा आले न्हाईत अजून. म्हणून बसले."

हसणं कसं थांबलं ते मला ऐकू आलं. एकेका बाकावरून थांबत गेलं. हेडसर दारात चौकट धरून उभे होते. मी त्यांची तक्रार करत नव्हते, हे मला आजही कुणाला तरी शपथेवर सांगावंसं वाटतं. मला विचारलं आणि मी सांगितलं.

मोमीन सर फळ्यापाशी गेले. डस्टर टेबलावर होतं, ते त्यांनी घेतलं नाही. तळहातानंच चाळीस पुसलं, एकेचाळीस लिहिलं. आठ पुसलं, नऊ लिहिलं. त्यांचं अक्षर फार वाईट होतं. तो नऊ मला अजून दिसतो, वाकडा, पोट सुटलेला. मग वर्गाकडं वळून म्हणाले, "ध्यानात ठेवा सगळ्यांनी. दाखला नेल्याबिगर शाळा सुटत नसती. जंवर पोरीचा दाखला हितं हाय, तंवर पोरगी पटावर हाय. मग ती हुशार असू द्या का ढ असू द्या." आणि हातावरचा खडू पॅन्टला पुसत मला म्हणाले, "बस खाली. वही काढ."

साहेब हेडसरांना घेऊन व्हरांड्यात गेले. काय बोलणं झालं ते कळलं नाही. मधल्या सुट्टीत हेडसर स्वतः आमच्या वर्गाशी आले. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. ते म्हणाले, "दाखल्याचं राहू दे. पण अभ्यास कर बाई आता. माझा शेकडा तुझ्या हातात हाय." रागावले असते तर बरं झालं असतं. ते वाक्य मी पुढं किती वर्षं उशाशी घेऊन झोपले, ते माझं मला माहीत.

त्या रात्री दादांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी ताट पुढं ओढलं. मग म्हणाले, "म्हंजे आज सगळीच आली." आणि जेवायला लागले.

मोमीन सर आता पहिल्या गाडीनं यायला लागले. व्हरांड्यातल्या शाहाबादी फरशीवर खडूनं ते मला आणि प्रभाला गणितं मांडून द्यायचे. आम्ही सोडवायचो, ओल्या फडक्यानं पुसायचो, पुन्हा मांडायचो. वही संपायची धास्ती नव्हती म्हणून असेल, फरशीवर मला गणित यायला लागलं. दुसऱ्या चाचणीला पंचवीसपैकी चौदा पडले. सरांनी पेपर देताना फक्त एवढंच म्हटलं, "अक्षरबी बरं हाय."

आणि मग दिवाळीनंतर माय पडली. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. तो उतरला तेव्हा तिच्यात उठायची ताकद राहिली नव्हती. दोघं भाऊ ल्हान, दादांना कामावर जाणं भाग. सरांना मी सांगितलं, आठ दिवसांनी येते. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. भाकरी मी थापायला लागले, आणि ज्या आवाजानं मी उठायची त्या आवाजानं आता भाऊ उठायला लागले. संध्याकाळी दादा जेवायला बसायचे, पण ते काही विचारायचे नाहीत. ते न विचारणं मला सगळ्यात जास्त लागलं.

फाल्गुनात एका दुपारी मोमीन सर सायकलवर आले. कुणाची तरी मागून आणली असावी, सीट त्यांना उंच होती. बाजेवर बसले, बिनदुधाचा चहा घेतला. मायची चौकशी केली. मग खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. परीक्षेचं प्रवेशपत्र. माझं नाव त्यांनी कमी केलंच नव्हतं, फॉर्मसुद्धा भरला होता. मायनं पडल्या पडल्या तोंड भिंतीकडं फिरवलं. सर तिला म्हणाले, "तुमी रडू नका बहेनजी, तुमचा काय कसूर?" आणि मला म्हणाले, "जमलं तर ये. न्हाई जमलं तर बी तू पटावर हायस."

नाही जमलं. पहिल्या पेपरच्या दिवशी मायला उलट्या होत होत्या. अकराच्या सुमाराला, पेपर सुरू व्हायच्या वेळेला, मी चुलीपुढं होते. जूनमध्ये प्रभा पास झाल्याचे पेढे घेऊन आली आणि बोलता बोलता म्हणाली की शाळेचा निकाल थोडा उतरला. मी तिला पुढं काही विचारलं नाही. तो माझ्याचमुळं उतरला, हे मी मनाशी धरलं ते धरलंच. पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि रेल्वे मला घेऊन गेली. माहेरी आले की शाळेच्या रस्त्यानं जायचं मी टाळायची. दाखला आणायला कधी गेले नाही. हेडसरांपुढं कोणत्या तोंडानं उभं राहायचं? दोन्ही सर आता या जगात नाहीत. हेही मला फोनवरच कळलं.

गेल्या आठवड्यात स्नेहा हैदराबादहून आली आणि हातात कागद घेऊनच बसली. "आई, सतरा नंबरचा फॉर्म आता ऑनलाइन भरता येतो. तू दहावीला बसायचंस." मी हसण्यावारी नेलं. तिनं नेलं नाही. तिला मी ही सगळी गोष्ट सांगितली, शेकड्यासकट. ती म्हणाली, "अगं, जो परीक्षेला बसलाच नाही त्याला निकालात धरतच नाहीत. तुझ्यामुळं त्यांचा शेकडा उतरूच शकत नाही." मी तिला तीनदा विचारलं, नक्की का? नक्की म्हणाली. सगळा जन्म मी ज्या आकड्याचं ओझं वाहिलं, त्या आकड्यात मी नव्हतेच. हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण मग अर्धी रिकामी खोली बघावी तसं काहीतरी वाटलं.

फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. स्नेहानं शाळेला फोन लावला, स्पीकरवर. कुणी तरुण क्लार्क होता. त्यानं जुनं रजिस्टर काढलं, आम्हाला पानं उलटल्याचा आवाज येत होता. "सापडलं. सुमन... व्हय. ताई, ह्यांच्या नावापुढं शाळा सोडल्याची तारीखच न्हाई. कारणाचा रकाना बी कोरा हाय. वरच्या खालच्या सगळ्यांचं भरलंय."

"मग?" स्नेहानं विचारलं.

"मग काय, कागदोपत्री मावशी अजून पटावरच हायत म्हणायचं." तो हसला. "अर्ज करा. त्यात कारण लिहा. मग तारीख टाकून दाखला देता येईल."

त्या बोलण्यातला 'हाय' किती दिवसांनी ऐकला. फोन बंद झाल्यावर मी उठून स्वयंपाकघरात गेले. स्नेहाला वाटलं, मला वाईट वाटलं. वाईट नव्हतं वाटलं. कुणीतरी आपली जागा राखून ठेवावी आणि आपल्याला ते माहीतच नसावं, तसं झालं होतं.

अर्ज स्नेहा लॅपटॉपवर टाइप करणार होती. मी म्हटलं, दे इकडं, मी लिहिते. मा. मुख्याध्यापक यांस. आखीव कागद, निळी शाई, मधे खाडाखोड नाही. अक्षर थोडं थरथरलं आहे पण अजून बरं आहे. शाळा सोडण्याचे कारण, इथं आल्यावर पेन थांबला. आई आजारी होती म्हणून, असं आधी मनात आलं. ते खरंही होतं. पण ते कारण मायच्या माथी लिहावंसं वाटेना. मग लिहिलं : दहावीच्या परीक्षेला बसायचे आहे.

अर्ज लिहून चार दिवस झाले. पाकीट टेबलावर आहे, तिकीटही लावलं आहे. स्नेहा रोज फोनवर विचारते, टाकलंस का? उद्या नक्की टाकणार आहे. गणिताचं पुस्तक आलं आहे आणि ओट्याजवळची फरशी मी खडूसाठी मोकळी केली आहे. पण ते पाकीट पोचलं की कुणीतरी त्या रजिस्टरात तारीख घालील आणि माझं नाव कमी करील. म्हणून आजचा एक दिवस ठेवून घेतला आहे. संध्याकाळ झाली आहे, आमटीला उकळी आली आहे, आणि दादांनी विचारलंच तर सांगायला माझ्याकडं उत्तर आहे. पट एकेचाळीस, दादा. मुली नऊ.